बेकर पद्धतीचं घर कोकणात बांधावं का? (गवंडीमामा ऐकत नाहीयेत)

पागोळी

नमस्कार मंडळी. देवरुखजवळ आमची वडिलोपार्जित जागा आहे. तिथलं जुनं घर दोन पावसाळ्यांपूर्वी मागच्या पडवीसकट बसलं. आता त्याच जोत्यावर नऊशे फुटांचं लहान घर बांधायचं ठरतंय. आईबाबा कायमचे तिथे राहणार, आम्ही पुण्याहून सुट्ट्यांना जाणार.

डिसेंबरात तिरुवनंतपुरमला गेलो होतो. तंपानूरला स्टँडजवळ इंडियन कॉफी हाऊस आहे. बाहेरून लाल गोल बुरूज, भिंतीभर जाळीची भोकं. आत शिरलो तर मजले नाहीतच! एकच चढ गोल गोल फिरत वर जातो आणि बाहेरच्या भिंतीला लागून बांधीव टेबलं, बांधीव बाकं. चालताना पोटरीला चढ जाणवतो, पण बसल्यावर टेबल सपाट. मी मुद्दाम बशीत कॉफी ओतून पाहिली, कुठल्याच बाजूला कलली नाही. बायको म्हणाली, लोक बघतायत.

तिथून, ते कॉफी हाऊस बांधणाऱ्या लॉरी बेकर या माणसाचा नाद लागला. त्यांनी बांधलेलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज बाहेरून पाहून आलो. आता डोक्यात तेच. गिलावा नसलेल्या विटांच्या भिंती, खिडक्यांऐवजी विटांच्या जाळ्या, स्लॅबमध्ये कौलं. पण आमचे गवंडीमामा (वय ६३, पंचक्रोशीतली निम्मी घरं त्यांच्या हातची) नकाशा बघून म्हणाले, "वीट उभी लावली की घर आडवं होतं."

तर प्रश्न: कोणी असं घर बांधलंय का? टिकतं का? खरंच स्वस्त पडतं का? आणि मामांना कसं पटवायचं?

साळसूद

विटा अशा लावण्याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात ना? म्हणजे उंदराचा सापळा? कोकणात नऊशे फुटांचा उंदराचा सापळा बांधणार, तर मांजरीला वेगळी खोली ठेवा.

ओळंबा

साळसूद, हसा. पण नाव तसंच आहे आणि त्याला कारण आहे.

नेहमी आपण वीट आडवी ठेवतो, तीन इंच उंचीचा थर येतो. या पद्धतीत वीट कडेवर उभी करतात. एक वीट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, एक आतल्या अंगाला, दोन्ही कडेवर. प्रत्येकीची जाडी तीन इंच, मध्ये तीन इंच पोकळी. झाली नऊ इंचाची भिंत. ठरावीक अंतरावर एक वीट आरपार घालून दोन्ही अंगं बांधून घेतात, म्हणजे मध्ये पेट्या पेट्या तयार होतात. त्या पेट्यांवरून सापळा. जाडी तेवढीच राहून विटा साधारण चौथाईने वाचतात, मसालाही वाचतो, आणि आतली हवा ऊन आत येऊ देत नाही. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा आणि छताखालचा शेवटचा थर मात्र भरीव घ्यायचा. कोपऱ्यात आणि दारांच्या बाजूला पोकळीत सळी सोडून काँक्रीट भरता येतं.

मामांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. उभी वीट लावायला हात सरावलेला लागतो. मसाला फळीभर पसरून चालत नाही, फक्त कडांवर, आणि तोही पोकळीत पडू द्यायचा नाही. आणि गिलावा करायचा नाही म्हटल्यावर प्रत्येक सांधा उघडा दिसणार. गिलावा म्हणजे गवंड्याचा पदर. सगळं झाकतो.

(निवृत्त सिव्हिल इंजिनीअर. ३१ वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली, स्वतः फ्लॅटमध्ये राहतो.)

चिंचेचा कोळ

हे बेकर म्हणजे कोणी गोरे साहेब का? केरळात काय करत होते?

रानवारा

चिंचेचा कोळ, गोरे खरे, पण साहेब अजिबात नाही. :)

लॉरेन्स बेकर, जन्म १९१७, बर्मिंगहॅम. क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धाला विरोध. दुसऱ्या महायुद्धात बंदूक न घेता रुग्णसेवा पथकातून चीनला गेले. परतताना मुंबईत जहाजाची वाट बघत अडकून पडले आणि तिथे गांधीजींची गाठ पडली. बेकरांच्या पायात चिंध्यांपासून शिवलेले चिनी पद्धतीचे जोडे होते, गांधींचं लक्ष आधी त्या जोड्यांकडे गेलं! गांधींनी त्यांना सांगितलेली एक गोष्ट ते आयुष्यभर सांगत राहिले: आदर्श घराचं सगळं सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे.

१९४५ मध्ये भारतात आले ते कुष्ठरोग्यांच्या संस्थेसाठी इमारती बांधायला. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न. मग सोळा वर्षं पिथोरागढला दोघांनी दवाखाना चालवला. हिमालयातल्या त्या घरांकडे बघताना, त्यांच्याच सांगण्यानुसार, त्यांचं शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झालं. कॉलेजात शिकलेलं काहीच तिथे कामाला येईना. पुढे केरळ, आधी वागमोन आणि १९७० च्या आसपासपासून तिरुवनंतपुरम. तुम्ही पाहून आलात ती सेंटरची इमारत तेव्हाची, मुख्यमंत्री अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने झालेली. १९९० ला पद्मश्री, २००७ मध्ये गेले.

मी वास्तुविशारद आहे, म्हणून एक व्यावसायिक हेवा: ते नकाशांचे गठ्ठे करत नसत. जागेवर उभं राहून, रद्दी पाकिटांच्या पाठीवर चित्र काढून गवंड्याच्या हातात देत. झाड आडवं आलं तर भिंत वळवत. मी असं केलं तर नगरपालिका माझंच पाकीट करेल.

त्रिवेंद्रमकर

धागा वाचून राहवलं नाही. नोकरी थुंब्याला, गेली एकोणीस वर्षं इथे. त्यातली सहा वर्षं बेकरांनी बांधलेल्या घरात भाड्याने काढली. तेव्हा पर्यटकाच्या नव्हे, केर काढणाऱ्याच्या नजरेने सांगतो.

आधी चांगलं. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता बाहेरून घरात शिरलं की माठाजवळ उभं राहिल्यासारखं वाटायचं. खाली लाल ऑक्साइडची जमीन, अनवाणी चालायचं सुख. खिडकीखाली बांधीव कट्टा. सहा वर्षांत आम्ही सोफा घेतला नाही, कारण ठेवायला जागाच नव्हती आणि गरजही. सकाळी पूर्वेच्या जाळीतून उन्हाचे चौकोनी ठिपके जमिनीवर पडायचे आणि दहा वाजेपर्यंत सरकत सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायचे. मुलगी त्या ठिपक्यांवर लंगडी खेळायची. शेवटच्या ओळीला ठिपका पोचला की शाळेची रिक्षा येते, हे तिचं घड्याळ.

आता दुसरी बाजू.

एक, अंधार. विटेचा लाल रंग उजेड पितो. पावसाळ्यात दिवसाही दिवा. शेवटी घरमालकीणबाईंच्या परवानगीने आतून दोन भिंतींना थेट विटेवर पांढरा रंग मारला. बेकरांनीही काही ठिकाणी उघड्या विटेवर चुना मारलाय, त्यामुळे पाप लागलं नाही.

दोन, कोळी. जाळीच्या प्रत्येक खोबणीत एक. आम्ही नावं ठेवली होती.

तीन, डास. विटांच्या जाळीला आतून डासांची बारीक जाळी लावलीच. ती लावल्यावर वारा निम्मा झाला. याला उपाय मला सापडला नाही.

चार, खिळा. पोकळ भिंतीत खिळा ठोकला की "टक्" ऐवजी "ठब्ब" असा आवाज येतो आणि अख्खी सहा वर्षं तो आवाज आठवतो. वायरींचं आधीच ठरवा. नंतर भिंत फोडणं म्हणजे विटेचं तोंड फोडणं, आणि झाकायला गिलावा नाही.

खिडक्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून: आमच्या एका खिडकीला चौकटच नव्हती. एक उभी फळी, वर एक खुंटी, खाली एक खुंटी, भिंतीतल्या भोकांत बसवलेली. ढकलली की फिरते. बिजागरी नाही, कडी एक. सहा वर्षांत एकदाही कुरकुरली नाही.

साळसूद

कोळ्यांची नावं द्या.

त्रिवेंद्रमकर

स्नानगृहातल्याचं नाव सरपंच होतं. बाकी खाजगी.

हुंदडबाई

आम्ही नाशिकजवळ शेतावर २०१६ मध्ये असं घर बांधलं, त्यामुळे अनुभव लिहिते. वाचून ठरवा.

स्वस्त? विटा वाचल्या, गिलावा वाचला, रंग वाचला, लिंटेल म्हणजे दारांवरच्या काँक्रीटच्या पट्ट्या वाचल्या (त्याऐवजी कमानी केल्या). पण गवंडी रोजावर होता आणि कामाचा वेग निम्मा. त्यात आपल्याकडच्या भट्टीच्या विटा! एक साडेआठ इंच, एक सव्वानऊ, एक केळ्यासारखी. उभी लावायची म्हणजे दोन्ही कडा सरळ हव्यात. शंभरातल्या तीसेक बाजूला पडायच्या. त्या आम्ही कुंपणात आणि जोत्यात वापरल्या. हिशोब केला तर नेहमीच्या घरापेक्षा थोडंसंच स्वस्त पडलं, भरपूर नाही.

आणि मुख्य करमणूक कर्जाची. बँकेचे मूल्यांकन करणारे गृहस्थ आले (बँकेचं नाव नको). चारी बाजूंनी फिरले, फोटो काढले आणि अहवालात लिहिलं: "बांधकाम अपूर्ण. गिलावा व रंगकाम बाकी." शेवटचा हप्ता अडला. मी सांगितलं, हे पूर्ण आहे. ते म्हणाले, मॅडम, मग पूर्ण दिसत का नाही? शेवटी समोरच्या एका भिंतीला गिलावा करून पिवळा रंग दिला. हप्ता सुटला. ती पिवळी भिंत अजून आहे, पाहुणे तिच्याच समोर फोटो काढतात.

मोरपंखी_९

हुंदडबाई :)))) पिवळ्या भिंतीचा फोटो टाका.

हुंदडबाई

त्यावर आता वेल चढवलाय.

ओळंबा

हुंदडबाईंनी मुद्द्याला हात घातला. बेकरांच्या काळात सिमेंट आणि लोखंड महाग नि दुर्मीळ, मजुरी त्या मानाने स्वस्त होती. आणि महत्त्वाचं म्हणजे ते ठेकेदारावर सोडून देत नसत, स्वतः बांधत, स्वतःच्या तयार केलेल्या गवंड्यांकडून. आज मजुरीचा भाव वेगळा आहे. त्यामुळे "बेकर म्हणजे स्वस्त" हे गणित जसंच्या तसं उचलू नका. ते अनावश्यक खर्च छाटायचे. छाटणी तुमच्या घरात कुठे करायची हे तुमचं तुम्हाला शोधावं लागेल.

औसेकर

मी लातूरकडचा. भूकंपाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी अकरा वर्षांचा होतो. किल्लारीत माणसं मेली ती गोट्यांसारख्या दगडांच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली. "स्थानिक साहित्य" म्हटलं की मला आधी तेच आठवतं. पाच मैलांत मिळतं म्हणून चांगलंच असतं असं नाही. पोकळ भिंत ऐकूनच पोटात गोळा आला.

ओळंबा

औसेकर, तुमची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेणार नाही.

पण त्या घरांत घातक काय होतं ते बघा: वजन प्रचंड, आणि भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते. लांब दगड आरपार घातलेले नव्हते. हादरा बसला की पदर सुटून बाहेर फुगले आणि वरचा भार खाली. रॅट-ट्रॅपमध्ये दर काही इंचांवर वीट आरपार असते आणि भिंत हलकी असते. त्यावर जोत्याला, लिंटेलच्या पातळीला आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात उभी सळी. एवढं केलं तर एकमजली घराला अडचण नाही. पट्टा वाचवून पैसे वाचवू नका. कोयना काही लांब नाही तुमच्यापासून.

औसेकर

आभारी आहे. पट्टा घाला म्हणजे घालाच.

गावकार

मी लांज्याचा. दोन दिवस धागा वाचतोय आणि गप्प बसलोय. आता विचारतो.

पागोळी, विटा कुठून आणणार?

पागोळी

कऱ्हाडकडून. आंबा घाटातून ट्रकने येतील. दर विचारलाय, वाहतूक धरून जरा जास्त आहे.

गावकार

म्हणजे तुमच्या देवरुखात पायाखाली चिरा, म्हणजे जांभा दगड, आहे. तो सोडून तुम्ही घाटावरची माती भाजून, ट्रकात घालून, घाट उतरवून आणणार. का? तर त्रिवेंद्रमला एका माणसाने सांगितलं की जवळचं सामान वापरा!

रागावू नका. पण वरच रानवाराताईंनी पाच मैल लिहिलेत. बेकरांनी वीट वापरली कारण त्यांच्याकडे वीट होती. ते देवरुखात जन्मले असते तर जांभ्याने बांधलं असतं आणि तुम्ही आज चिऱ्याचा नकाशा घेऊन फिरला असतात.

आमच्या आज्याचं घर चिऱ्याचं. बाहेरून गिलावा कधीच नव्हता. चिरा खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, वाऱ्यावर राहिला की घट्ट होत जातो. नव्वद पावसाळे खाल्लेत त्या भिंतीने. आम्ही तेव्हा त्याला कमी खर्चाचं तंत्रज्ञान म्हणत नव्हतो, घर म्हणत होतो.

रानवारा

गावकार, 👏 हे मला आधी सुचायला हवं होतं. वास्तुविशारद मी आहे!

आणि खरं तर बेकरही अखेरीस विटेबद्दल साशंक होते. वीट भाजायला लाकूड जळतं, सिमेंटला तर त्याहून जास्त इंधन. मातीच्या बांधकामावर त्यांनी चित्रांसकट पुस्तिकाच लिहिली होती. त्यांची पद्धत म्हणून आपण जे उचलतो ते त्यांचं एका गावापुरतं उत्तर आहे.

मोरपंखी_९

पण मग कॉफी हाऊससारखी मजा कुठे? चिऱ्याचं घर तर सगळ्यांचंच असतं. :(

गावकार

सगळ्यांचं असतं कुठे आता? रस्त्याने बघत या. चिऱ्याची भिंत, त्यावर सिमेंटचा गिलावा, त्यावर पोपटी रंग, पुढे स्टीलचा कठडा. चिरा आत गुदमरतोय.

दोन_कौलं

विषयांतर, पण कॉफी हाऊसबद्दल. तिथले वाढपी डोक्याला पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा बांधतात, ते बघून आमचे काका म्हणाले होते, "लग्न कोणाचं आहे?"

साळसूद

आणि बीटरूट घातलेलं कटलेट. बेकरांना पद्मश्री मिळाली, कटलेटला काहीच नाही.

त्रिवेंद्रमकर

कटलेटवर वेगळा धागा काढा, मी येतो.

गावकारांच्या मुद्द्यात भर. पाऊस. तिरुवनंतपुरमला वर्षाला साधारण अठराशे मिलिमीटर पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर, आणि तोही चार महिन्यांत, वाऱ्यासकट. माझं गाव गुहागरकडे आहे, दोन्ही पाऊस अंगावर घेतलेत. इथला पाऊस येतो, पडतो, जातो. आपल्याकडचा येऊन राहतो. पश्चिमेला जाळी केलीत तर जुलैत देवघरात होडी सोडाल. इथेही जाळी चालते ती पुढे आलेल्या छपराच्या जिवावर. फोटोत जाळी दिसते, वळचण कोणी बघत नाही.

मीनाक्षी_सा

आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्याच्या शेवटी झडी बांधत. नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून भिंतीला टेकवायचे, दिवाळीला काढायचे. आता सगळे निळं प्लास्टिक लावतात.

ओळंबा

आता स्लॅबचं बोलू. ते तंत्र मात्र चिऱ्याच्या घरालाही चालतं आणि मला त्यात खरा फायदा दिसतो.

स्लॅबवर भार आला की वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम घेतं, ताण घेत नाही. ताण घेते ती खालची सळी. म्हणजे खालच्या भागातलं बरंचसं काँक्रीट सळीला धरून ठेवण्यापलीकडे काही करत नाही, नुसतं वजन वाढवतं. बेकर तिथे सळ्यांच्या चौकटींत जुनी मंगलोरी कौलं बसवत, दोन कौलं एकमेकांवर, मध्ये हवा. काँक्रीट कमी, वजन कमी, म्हणून लोखंडही कमी. वरून ऊन तापलं तरी खाली कमी पोचतं. आणि खालून बघितलं तर छताला कौलांची नक्षी.

काळजी दोन. काँक्रीट ओतण्याआधी कौलं पाण्यात भिजवा, नाहीतर ती काँक्रीटमधलं पाणी शोषतात. आणि सळ्यांचं अंतर कौलाच्या मापाने येणार, त्यामुळे हिशोब इंजिनीअरकडून करून घ्या, यूट्यूबकडून नको. कौलं फक्त जुनी, फुटकी नाहीत अशी. हे वाचूनही कोणी नवीन कौलं विकत आणलीत तर मी धागा सोडून जाईन.

भर_दुपारी

आम्ही केला हा प्रकार, दापोलीजवळ. स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटरवाला मुलगा सळीवर पाय ठेवायच्या ऐवजी कौलावर पाय ठेवून गेला. कट्, कट्, कट्. तीन ओळी गेल्या. पाटीतून मसाला येतोय, मिक्सर फिरतोय, थांबता येत नाही. माझ्या सासूबाई साडी खोचून वर चढल्या आणि एका हाताने त्या मुलाला धरून दुसऱ्या हाताने कौलं बदलत गेल्या. फळ्या टाका चालायला. फळ्या!!

पण सांगते, सेंट्रिंग काढलं त्या दिवशी सगळी गल्ली छत बघायला आली होती.

चिंचेचा कोळ

छत गळत नाही ना?

भर_दुपारी

चार पावसाळे झाले. एका कोपऱ्यात ओल येते, पण तो कोपरा कौलांचा नाही, टाकीच्या पाइपाचा आहे. प्लंबर वेगळा धागा.

किनारा_कोरडा

सगळं छान आहे पण मला एक प्रामाणिक शंका. ही घरं ज्यांच्यासाठी होती त्यांना आवडली का? मी जे पाहिलंय त्यात गिलावा नसलेलं घर हौशी, शिकलेल्या, पैसेवाल्या माणसाला आवडतं. ज्याने आयुष्यभर मातीच्या घरात काढलंय त्याला गुळगुळीत भिंत आणि ऑइलपेंटच हवा असतो. बेकर गरिबांचे वास्तुशिल्पी म्हणतात, पण राहतात त्यात प्राध्यापक.

रानवारा

प्रश्न रास्त आहे. पण फक्त प्राध्यापक नाहीत. शहराच्या मधोमध चेंगलचूळ वस्तीतल्या लोकांसाठी त्यांनी इमारती केल्या, पूनतुरा इथे मच्छीमारांसाठी घरं केली. १९८५ मध्ये कोस्टफोर्ड ही संस्था निघाली ती हेच काम पुढे न्यायला, आणि आजही ती काम करतेय. त्याच सुमारास कोल्लमच्या तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी निर्मिती केंद्र काढलं, गवंड्यांना ही तंत्रं शिकवायला. तो प्रयोग पुढे देशभर गेला.

तरी तुमचा काटा खरा आहे. माणसाला चार पैसे मिळाले की तो आधी गिलावाच करतो. त्याला मी चूक कशी म्हणू? गिलावा म्हणजे "आमचं बरं चाललंय" असं भिंतीवर लिहिणं असतं.

त्रिवेंद्रमकर

किनारा_कोरडा, आमची घरमालकीण शाळेत शिपाई होती. घर तिच्या वडिलांनी बेकरांकडून बांधून घेतलेलं. तिला विचारलं होतं, गिलावा करावासा वाटत नाही? म्हणाली, वडिलांनी रोज संध्याकाळी येऊन विटा पाण्याने भिजवल्यात, त्या विटा झाकू कशा? मग पुढे म्हणाली, आणि गिलाव्याला पैसे तू देणार का.

किनारा_कोरडा

हे उत्तर पटलं. विशेषतः दुसरं.

पागोळी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. सगळं वाचलं, काही प्रतिसाद आईबाबांना वाचून दाखवले. (बाबांना सरपंच कोळी फार आवडला.)

विटांचा ट्रक रद्द केला. गावकार, तुमचा राग आला होता, दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मामांना घेऊन खाणीवर गेलो.

मामांना पटवायचं कसं हा माझा प्रश्नच चुकला होता. मी त्यांना नकाशा दाखवत होतो. यावेळी मी विचारलं, मामा, गिलावा न करता चिऱ्याची भिंत तुम्ही शेवटची कधी बांधली? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, शहाऐंशी साली, देवळाची. आता कोण मागतं? गिलावा करायचाच आहे म्हटल्यावर पोरं चिरा कसाही ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः घरून जुनी तासणी आणली आणि आमच्या जोत्यावर चार चिरे नुसते मांडून दाखवले, सांधा इतका बारीक की पोस्टकार्ड जाईना. पोस्टकार्ड नव्हतंच, माझं आधार कार्ड घालून बघितलं.

तर ठरलंय ते असं. भिंती चिऱ्याच्या, बाहेरून उघड्या, चुन्याचा अंश घालून दरजा (सांधे) भरायच्या. आतून पांढरा रंग (अंधाराचा इशारा लक्षात ठेवलाय). तीन पट्टे, औसेकर, तीनही. जाळी फक्त उत्तरेला, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बाहेरच्या भिंतीत, पुढे अडीच फूट वळचण. खिडकीखाली कट्टा. फिरत्या फळीची खिडकी एकच, आईच्या खोलीत, प्रयोग म्हणून. पुढच्या दोन खोल्यांवर जुन्या वाशांचं कौलारू छप्पर, मागच्या दोन खोल्यांवर कौलं घातलेला स्लॅब, कारण बाबांना आंबे वाळवायला गच्ची हवी.

स्लॅबचा हिशोब ओळंबाकाकांनी व्यक्तिगत निरोपातून तपासून दिला. त्यांचे आभार इथे मानतोय कारण तिथे ते मानू देत नाहीत.

मामांची एकच अट: कौलं घातलेल्या स्लॅबच्या दिवशी भर_दुपारी यांच्या सासूबाईंना आणायचं.

भर_दुपारी

विचारते. त्या येतील. जेवणात काय आहे तेवढं कळवा.

मोरपंखी_९

उतारावरचं टेबल राहिलं!

पागोळी

परसात उतार आहे. मामा म्हणाले, टेबल बांधू, पण बशीत चहा ओतून बघायला तुम्ही यायचं.

आता शेवटची मदत हवी. घराची सगळी धड कौलं पुढच्या छपरावर जाणार, त्यामुळे स्लॅबसाठी कमी पडतायत. जुनी मंगलोरी कौलं, साधारण दीडशे, कुठे मिळतील? नवी घेणार नाही, ओळंबाकाका बघतायत.

गावकार

आमच्या गोठ्यावरची दोनशे काढून ठेवलीत, गोठ्याला पत्रा घातला. पैसे नकोत, टेम्पो तुमचा. काहींच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा जुना शिक्का आहे. तेवढी शिक्का खाली येईल अशी लावा, म्हणजे पडल्या पडल्या वाचता येईल.

रविवारी सकाळी या. आणि येताना फळ्या घेऊन या, कौलं टेम्पोत उभी लावावी लागतात. आडवी ठेवलीत तर फुटतात. मामांना सांगा.